नवा सोबती

[प्रास्ताविक : ससा हा अनेक मुलांचा आवडता प्राणी. एकट्या सशाला सोबत मिळावी म्हणून आपण दुसरा ससा घरी आणतो. पण दोघांना एकदम एका पिंजऱ्यात ठेवले तर काय होते? दोन अनोळखी सशांची ओळख कशी करून द्यावी आणि त्यांची मैत्री कशी जुळते, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, सशाला उर्दूत 'खरगोश' म्हणतात, हे तुम्हांला सांगायला नको. हा शब्द मूळचा फारसी. 'खर' म्हणजे गाढव आणि 'गोश' म्हणजे कान. ज्याचे कान गाढवासारखे लांब, तो खरगोश! 'गोशमाली' या शब्दातला 'गोश' तोच. मराठीने मात्र सशाचा भित्रा स्वभाव ध्यानात ठेवला. भित्र्या माणसाचे काळीज सशाचे आहे, असे आपण मराठीत म्हणतो. कोणाचे फार हाल झाले, तर 'त्याची ससेहोलपट झाली' असे म्हणतो. पाठीमागे शिकारी लागले म्हणजे सशाची जी दशा होते, ती ससेहोलपट.

असा हा गरीब प्राणी. पण त्याच्या पिंजऱ्यात दुसरा अनोळखी ससा सोडला, तर तो गरीब राहत नाही. तो कान मागे पाडतो, अंगावर धावून जातो, नखांनी ओरबाडतो आणि कडकडून चावतो. केसांचे पुंजके उडतात. एवढ्याशा पिंजऱ्यात नव्या सशाला पळायलाही जागा नसते. मग त्याची खरोखरच ससेहोलपट होते. आपण सोबती आणला आणि मिळाला शत्रू! असे का होते?

त्याचे कारण सशाच्या स्वभावातच आहे. पाळीव सशांचे पूर्वज म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या प्रदेशांतले रानटी ससे. ते जमिनीत बिळे खोदून कळपाने राहतात. एकमेकांचे अंग चाटतात, चिकटून बसतात. शत्रूची चाहूल लागली, की एखादा ससा मागचा पाय जमिनीवर आपटून इतरांना सावध करतो. म्हणजे सशाला सोबत हवी असते. पण प्रत्येक कळपाची जागा ठरलेली असते. सशाच्या हनुवटीखाली वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. हनुवटी दगडाला, झाडाला घासून तो 'ही जागा माझी' असे जणू लिहून ठेवतो. आपल्या लेंड्या टाकूनही तो हद्द आखतो. परका ससा त्या हद्दीत आला, तर त्याला हाकलून लावतो.

तुमच्या घरातला ससाही हेच करतो. खाटेच्या पायाला, दाराच्या कोपऱ्याला तो हनुवटी घासतो, ते तुम्ही पाहिले असेल. तेव्हा लक्षात ठेवा, नव्या सशावर धावून जाणारा जुना ससा दुष्ट नसतो. आपली जागा जाईल, या भीतीने तो लढत असतो. ही भीती हळूहळू घालवणे, एवढेच आपले काम आहे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या माळरानावर आणि शेतात दिसणारा ससा निराळ्या जातीचा आहे. तो बीळ खोदत नाही आणि बहुधा एकटाच राहतो. त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे व अंगावर केस असलेली असतात. पाळीव सशाची पिल्ले मात्र जन्मतः आंधळी व उघडी असतात. रानातल्या सशाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडून घरातल्या सशाचा सोबती करता येत नाही.

आता समजा, तुमच्या घरी मोती नावाचा नर ससा आहे. तो एकटा आहे. तुम्ही सकाळी शाळेत येता, अब्बा कामाला जातात, अम्मी घरकामात असतात. मोती दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो. तुम्ही त्याच्यासाठी चमेली नावाची मादी आणायचे ठरवले. तर काय काय करावे लागेल?

सर्वांत आधी घरातल्यांचा सल्ला घ्या. दोन ससे म्हणजे दुप्पट गवत, दुप्पट साफसफाई आणि डॉक्टरांचा दुप्पट खर्च. चांगली निगा राखली तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. एवढी वर्षे दोघांना सांभाळण्याची घरच्यांची तयारी हवी. शिवाय दोघांचे पटेपर्यंत त्यांना निरनिराळे ठेवावे लागते, म्हणून पिंजरेही दोन लागतात. हे जमणार नसेल, तर दुसरा ससा न आणलेलाच बरा.

दुसरी गोष्ट पशुवैद्याची. लहान ससा नर आहे की मादी, हे ओळखणे कठीण असते. विकणाऱ्याचीही चूक होते. म्हणून चमेलीला आणताच जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तिला खरूज आहे का, कानात किडे आहेत का, नाक वाहते का, हेही ते पाहतील. डॉक्टरांनी काही दोष नाही असे सांगितले, तरी पहिले चौदा दिवस तिला निराळ्या खोलीत ठेवा. काही रोग लगेच दिसत नाहीत. या दिवसांत आधी मोतीचे दाणापाणी करा, मग चमेलीचे करा आणि नंतर हात साबणाने धुवा.

तिसरी गोष्ट नसबंदीची. नर आणि मादी यांची जोडी सर्वांत चांगली जमते. पण दोघांची नसबंदी झालेली असेल तरच. नसबंदी न केलेले नर आपापसांत फार भांडतात. मादीही आपल्या जागेसाठी तितक्याच जोराने लढते. एकाच आईची पिल्ले लहानपणी गुण्यागोविंदाने राहतात. पण तीन-चार महिन्यांची झाली, की तीही भांडू लागतात. शिवाय मादी केवळ ३० ते ३२ दिवसांत पिल्ले देते आणि व्यायल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. काही महिन्यांत घरात इतके ससे होतील, की त्यांना ठेवायचे कोठे हा प्रश्न पडेल! नसबंदी केल्यानंतरही नराला चार ते सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावे लागते. कारण तेवढे दिवस पिल्ले होण्याचा संभव असतो. ज्यांना सशांवर शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव आहे, अशाच डॉक्टरांकडून हे काम करून घ्यावे.

एवढी तयारी झाली, की ओळखीला सुरुवात करायची. सशांची पहिली ओळख डोळ्यांनी होत नाही. ती नाकाने होते. म्हणून मोतीच्या पिंजऱ्यातले एक फडके चमेलीच्या पिंजऱ्यात ठेवा आणि तिचे फडके मोतीला द्या. मोती ते फडके हुंगेल, कदाचित रागाने उचलून फेकेल. फेकू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा.

मग दोघांचे पिंजरे एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवा. मात्र दोन्ही जाळ्यांमध्ये चार बोटांचे अंतर असू द्या. अंतर नसेल, तर जाळीतून नाक किंवा पायाचे बोट चावले जाते. दोघांचा चारा जाळीजवळ ठेवा, म्हणजे ते समोरासमोर बसून खातील. आधी ते एकमेकांकडे पाठ फिरवतील, पाय आपटतील. काही दिवसांनी जाळीपाशी निवांत आडवे होतील. दोन-तीन दिवसांनी पिंजऱ्यांची अदलाबदल करा. मोती चमेलीच्या पिंजऱ्यात आणि चमेली मोतीच्या. असे केल्याने 'ही जागा माझी, ती तुझी' हा भेद पुसट होत जातो. ही पायरी दोन आठवडे चालली, तरी कंटाळू नका. येथे घाई करणाऱ्याचे पुढचे सगळे काम बिघडते.

यानंतर प्रत्यक्ष भेट. ती कोठे घडवावी? मोतीच्या पिंजऱ्यात नाही आणि चमेलीच्याही नाही. ज्या जागी दोघांपैकी कोणीही पूर्वी फिरलेले नाही, अशी जागा निवडा. एखादी बंद खोली, गच्चीचा आडोशाचा कोपरा किंवा न्हाणीघरासमोरची मोकळी जागा चालेल. लादीवर सशाचे पाय घसरतात आणि घसरला की तो घाबरतो. म्हणून खाली सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. गवताचे दोन ढीग ठेवा. दोन्ही टोके उघडी असलेले खोके ठेवा, म्हणजे लपलेला ससा आत कोंडला जाणार नाही. सोबत घरातले एक मोठे माणूस असावे. जाड टॉवेल हाताशी ठेवा.

वेळही नीट निवडा. ससा पहाटे आणि संध्याकाळी उत्साहात असतो. त्याला घाम येत नाही. लांब कानांतून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. कडक ऊन त्याला सोसत नाही. मालेगाव, जळगाव, नागपूर अशा गावी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत दुपारची भेट मुळीच ठेवू नका.

पहिली भेट दहा मिनिटांची पुरे. दोघांना दोन टोकांना सोडा आणि तुम्ही शांत बसून पाहा. सशाची भाषा ओळखायला शिका. दोघे आपापल्या जागी बसून अंग चाटू लागले किंवा गवत खाऊ लागले, तर ते चांगले लक्षण समजा. एक दुसऱ्याला हुंगतो, थोडा मागे धावतो, पाठीवर चढतो. मोठा कोण आणि धाकटा कोण, हे ठरवण्याची ती सशांची रीत आहे. थोडा वेळ ते चालू द्या. मात्र एखादा ससा दुसऱ्याच्या डोक्याच्या बाजूने चढला, तर त्याला लगेच खाली उतरवा. कारण खालचा ससा त्याच्या पोटाखाली चावू शकतो आणि ती जखम फार वाईट असते.

कधी एक ससा दुसऱ्यापुढे मान खाली घालून बसतो. तो शरण आला, असे आपल्याला वाटते. पण 'माझे डोके चाट' अशी ती मागणी असते आणि पुष्कळदा मोठेपणा गाजवणारा ससाच ती करतो. समोरच्याने चाटले, तर मैत्रीचे पहिले पाऊल पडले म्हणून समजा.

आता धोक्याच्या खुणा पाहा. कान मागे चिकटणे, शेपटी ताठ उभी राहणे, अंग ताणून अंगावर झेप घेणे आणि दोघांनी एकमेकांभोवती गरगर फिरणे, या त्या खुणा. यांतली कोणतीही खूण दिसली, की दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवा. भांडण लागलेच, तर त्यांच्यावर टॉवेल टाका आणि दूर करा. उघडा हात मध्ये घालू नका. रागावलेल्या सशाला आपला हात आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. मग दोघांचे केस बाजूला सारून अंग तपासा. सशाचे दात बारीक पण खोल रुततात. वरून जखम दिसत नाही आणि आत गळू होते. जखम आढळली, तर डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर काही दिवस दोघांना पुन्हा जाळीआड ठेवून मागच्या पायरीपासून सुरुवात करा.

सर्व ठीक चालले, तर भेट रोज पाच-दहा मिनिटांनी वाढवा. दोघे शांत असतानाच भेट संपवा, म्हणजे शेवटची आठवण चांगली राहते. कोणाची जोडी आठ दिवसांत जमते, तर कोणाला दोन-तीन महिने लागतात.

काही लोक एक सोपी युक्ती सांगतात. दोन्ही ससे एका खोक्यात घालायचे आणि गाडीवरून फिरवून आणायचे. गाडीच्या आवाजाने व धक्क्यांनी ते एकमेकांना चिकटून बसतात. पाहणाऱ्याला वाटते, झाली मैत्री! मुलांनो, ही मैत्री नव्हे, ही भीती आहे. आभाळ गडगडू लागले, म्हणजे अनोळखी माणसेही एका छपराखाली उभी राहतात. पाऊस थांबला, की ती आपापल्या वाटेने जातात. शिवाय ससा फार घाबरला, तर त्याचे खाणे बंद पडते आणि हे त्याच्या जिवावर बेतू शकते. दहा-बारा तास सशाने काहीच खाल्ले नाही, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

मैत्री झाली, हे कसे ओळखावे? दोघे एका ढिगातले गवत खातात, एकमेकांचे कान आणि कपाळ चाटतात आणि अंगाला अंग लावून झोपतात. असे सलग काही तास घडू लागले, की घरात कोणी असताना त्यांना पूर्ण दिवस एकत्र ठेवून पाहा. असे दोन-तीन दिवस कुरबुरीशिवाय गेले, की एका पिंजऱ्यात ठेवायला हरकत नाही. त्याआधी पिंजरा नीट धुऊन काढा, म्हणजे जुना वास जाईल. खाण्यापिण्याची भांडी मात्र दोन ठेवा. एकत्र राहू लागले, की त्यांना उगाच वेगळे करू नका. एकाला दवाखान्यात न्यायचे असेल, तरी दोघांनाही न्या. एकटा गेलेला ससा परत येतो, तेव्हा त्याच्या अंगाला औषधाचा वास येतो आणि घरातला ससा त्याला परका समजतो.

आणि इतके करूनही पटले नाही, तर? असेही होते. तेव्हा जबरदस्ती करू नका. दोघांना जाळीच्या अल्याड-पल्याड शेजारी राहू द्या. ते एकमेकांना पाहतील, हुंगतील, जाळीजवळ येऊन बसतील. एका घरात न राहता चांगले शेजारी होणे, हीदेखील सोबतच आहे.

मुलांनो, या सगळ्या कामात तुम्ही काय केले, ते पाहा. तुम्ही कोणाला 'मित्र हो' असा हुकूम दिला नाही. जुन्याची जागा हिरावून घेतली नाही आणि नव्याला एकटे कोपऱ्यात गाठू दिले नाही. तुम्ही फक्त जागा दिली, वेळ दिला आणि लक्ष ठेवले. मैत्री त्यांची त्यांनीच केली. जूनमध्ये तुमच्या वर्गात नवा विद्यार्थी आला आणि बाकावर सरकून बसायची वेळ आली, तर मोती आणि चमेलीची आठवण ठेवा.

शब्दार्थ
सोबती – साथी. प्रास्ताविक – सुरुवातीचे बोलणे. काळीज – दिल. पूर्वज – आधीच्या पिढ्यांतले. हद्द – सीमा. चाहूल – कोणी येत असल्याची खूण. निगा – देखभाल. पशुवैद्य – जनावरांचे डॉक्टर. गाभण – पोटात पिल्ले असलेली. हुंगणे – वास घेणे. गोणपाट – तागाचे जाड कापड. कुरबूर – लहानसहान तक्रार, भांडण.

वाक्प्रचार
ससेहोलपट होणे – फार हाल होणे. गुण्यागोविंदाने राहणे – प्रेमाने एकत्र राहणे. जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'खरगोश' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(२) ससा मागचा पाय जमिनीवर का आपटतो?
(३) नव्या सशाला पहिले किती दिवस निराळ्या खोलीत ठेवावे?
(४) दोन पिंजऱ्यांच्या जाळ्यांमध्ये अंतर का ठेवावे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) जुना ससा नव्या सशावर का धावून जातो?
(२) सशांच्या पहिल्या भेटीसाठी कोणती जागा व कोणती वेळ निवडावी? का?
(३) 'ही मैत्री नव्हे, ही भीती आहे' असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(नाकाने, हनुवटी, टॉवेल, शेजारी)
(१) ससा ...... घासून आपली हद्द दाखवतो.
(२) सशांची पहिली ओळख ...... होते.
(३) भांडणाऱ्या सशांवर ...... टाकावा.
(४) पटले नाही, तर दोघांना जाळीच्या अल्याड-पल्याड ...... राहू द्यावे.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
ससेहोलपट होणे, गुण्यागोविंदाने राहणे, जिवावर बेतणे.

प्र. ५. वचन बदला.
ससा, पिंजरा, जाळी, पिल्लू, खूण.

उपक्रम : तुमच्या परिसरात कोणी ससे, कबुतरे, कोंबड्या किंवा शेळ्या पाळत असेल, तर त्यांना भेटा. नवा प्राणी आणल्यावर ते काय करतात, हे विचारून मराठीत दहा ओळी लिहा.